हेपेटायटिस सी: सुई की गोळी?

मामेभावाला हेपेटायटिस सी (व्हायरसमुळे होणारा लिव्हरचा आजार) निघाला आणि घरात वाद सुरू झाला: सुईने आलेला गुण पक्का, टिकणारा, गोळीने आलेला कच्चा. मी दोन्ही घेतल्या आहेत, म्हणून लिहितो.

२०१४ साली मला पेगइंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि सोबत रिबाविरिन सुरू झालं. माझ्या व्हायरसचा प्रकार जीनोटाइप ३, म्हणून २४ आठवडे. दर शनिवारी दवा बाजारातून बर्फ घातलेल्या थर्मोकोलच्या डब्यात इंजेक्शन आणायचं, स्कूटरवर पायांशी डबा. रात्री हुडहुडी भरायची, इंदूरच्या मे महिन्यातही रजई लागायची, रविवार अंथरुणातच जायचा. ते सोसलं. छळलं ते फ्रिजने. औषध २ ते ८ अंशांतच हवं, गोठलं की वाया. अकराव्या आठवड्यात सिरिंज फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून राहिली. काढली तर आतलं औषध थिजलेलं. शनिवारचा डोस सोमवारी मिळाला.

कोर्स संपला तेव्हा व्हायरस नव्हता. सहा महिन्यांनी परतला. त्या दोन दिवसांपायीच परतला असं मी म्हणणार नाही. या जीनोटाइपमध्ये त्या औषधाने शंभरातले साधारण सत्तरच बरे व्हायचे. पण फ्रिज उघडला की ती सिरिंज आठवायची.

२०१६ मध्ये डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: सोफोसबुविर या गोळीच्या जोडीला पुन्हा इंजेक्शन, नाहीतर सोफोसबुविर-डॅक्लाटासविर, म्हणजे नुसत्या गोळ्या. दोन्ही १२ आठवडे. आजार उलटलेल्यांसाठी पहिली वाट तेव्हा कमजोर नव्हती, हे मान्य करायला हवं. मी गोळ्या घेतल्या, त्या फ्रिजमुळेच. डबी पिशवीत टाकून पुण्याला लग्नालाही जाऊन आलो. डोकं थोडं दुखायचं, एवढंच.

आता टिकण्याचं. औषध थांबल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए, म्हणजे रक्तात व्हायरस आहे का ते सांगणारा रिपोर्ट, निगेटिव्ह आला (इंटरफेरॉनच्या काळात २४ आठवडे थांबत), तर शंभरातल्या नव्याण्णव जणांचा तो तसाच राहतो, मग सुईने आलेला असो की गोळीने. माझा अजून निगेटिव्ह आहे. अँटिबॉडीची तपासणी (शरीराने व्हायरसविरुद्ध जे बनवलं ते शोधणारी) पुढेही पॉझिटिव्हच दाखवते, तिला घाबरू नका.

२०१८ पासून सरकारी कार्यक्रमात या गोळ्या मोफत मिळतात. लिव्हर सिरॉसिसपर्यंत गेलं असेल तर मुदत किंवा औषध बदलू शकतं, ते डॉक्टरच ठरवतील. मात्र गोळ्यांआधी हेपेटायटिस बीची तपासणी कराच. तो लपलेला असेल तर या गोळ्यांनी उसळू शकतो. मामेभावाचं रक्त त्यासाठीच उद्या द्यायचं आहे, मी सोबत जातोय.