पायलट धरायचा तर

मडगाव स्टेशनच्या बाहेर ‘पायलट, पायलट’ अशी हाक आली की नवख्याला आधी दाबोळीचा विमानतळ आठवतो. पण गोव्यातल्या पायलटचा विमानाशी काही संबंध नाही; हा भाडं घेऊन मागे बसवून नेणारा मोटरसायकलवाला. मूळ शब्द ‘मोटरसायकल पायलट’. बोलता बोलता मोटरसायकल गळून पडली आणि उरलेला पायलट माणूस, गाडी नि धंदा तिघांनाही पुरला. ‘पायलट धर’ म्हणजे भाड्याने घे. ‘पायलटान यो’ म्हणजे त्याच्या मागे बसून ये. वेगळं ‘पायलटवाला’ म्हणायची गरज नाही.

ओळखायचा सोपा: काळी मोटरसायकल, पुढचं मडगार्ड पिवळं, नंबरप्लेट पिवळी नि अक्षरं काळी. याच्या उलट, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती रेंटची बाईक, चालवायची तुम्हीच. पांढऱ्या पाटीची गाडी ‘सोडतो’ म्हणाली तर बसू नये.

मीटर नसतो. म्हणून ‘कितले?’ (किती?) हे बसण्याआधी विचारायचं, उतरल्यावर नाही. सगळी कटकट इथेच होते. आतल्या वाड्यावर जायचं असेल तर परतीचं रिकामं पेट्रोल तो भाड्यात धरतो, आणि ते रास्तच आहे. अंधार पडला की आकडा चढतो. सुटे पैसे जवळ ठेवा.

प्रवासी एकच. चढायचं डावीकडून; उजवीकडे तापलेला सायलेन्सर असतो, पोटरी भाजते. पाठीवरची सॅक चालते, छोटी बॅग तो पुढे टाकीवर घेतो. ट्रॉली बॅग असेल तर सरळ रिक्षा बघा. ओढणी-पदर खोचून घ्या, मागचं चाक त्याला सोडत नाही. मागच्यालाही हेल्मेट लागतं, ते त्याच्याकडे मागा. पट्टा तुटका असेल तर दुसरा पायलट धरा. पावसाळ्यात रेनकोट तुमचा तुम्ही आणायचा, नि मागे बसून छत्री उघडायचा विचारही नको.

पणजीतल्या फोंतेंन्यस या जुन्या वस्तीच्या बोळांत किंवा शहरातल्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये याच्याइतकं लवकर कोणी पोचवत नाही. पत्ता नीट माहीत नसेल तरी चालतं: घराचं नाव, जवळचं देऊळ किंवा खुरीस (क्रूस) सांगा, बाकी तो विचारत जातो. लांबच्या पल्ल्याला मात्र पैसे नि कंबर दोन्ही जातात. पणजी-मडगावला कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, शटल बसच बरी.

पाचात चार. एक गुण हेल्मेटांच्या वासाचा कापला.