ग्राइप वॉटर की हिंगाचा लेप?

संध्याकाळ झाली की तान्हं बाळ मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन तासन्‌तास रडतं. घरात लगेच दोन मतं पडतात: एक ग्राइप वॉटरचं, दुसरं बेंबीभोवती हिंगाच्या लेपाचं.

ग्राइप वॉटर 1851 सालापासूनचं, इंग्लंडमधलं. पूर्वी त्यात अल्कोहोल असे, आता नसतं. पण गोडवा असतो, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये, असं डॉक्टर सांगतात. म्हणून मला ते पटत नाही.

लेप निदान पोटात जात नाही. हिंगाने कळ थांबते याचा ठोस पुरावा नाही. नाजूक कातडी लाल झाली तर लगेच पुसावा. माझ्या मते खरा आराम लेप लावणाऱ्या आजीच्या हाताचा. तिचा कोमट तळवा, मग बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढणं, अंधाऱ्या खोलीत हळूहळू फेऱ्या मारणं. बाळाला हलवायचं ते हळुवार, गदागदा कधीच नाही.

हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. मात्र ताप, हिरवी उलटी, शीतून रक्त किंवा दूध न पिणं दिसलं, तर दोन्ही उपाय बाजूला ठेवून तडक डॉक्टरकडे जा.