ओम्नी की पॅनेल? गोठ्यापर्यंत वायफाय न्यायचं तर

घरापासून चारशे मीटरवरच्या गोठ्यात कॅमेरा लावायचाय. भाचा अडलाय: चहूबाजूंना लहरी सोडणारा दांडीसारखा ओम्नी अँटेना घ्यावा की एकाच दिशेला सोडणारा चपटा पॅनेल? खोक्यावरचं ‘हाय पॉवर’ विसरा. अँटेना ताकद निर्माण करत नाही, आहे तीच ठरावीक दिशांना गोळा करतो.

राउटरचे २० डीबीएम (सोडलेल्या ताकदीचं माप) म्हणजे १०० मिलिवॉट. डीबीआय म्हणजे अँटेना ती किती गोळा करतो त्याचं माप, ते डीबीएममध्ये सरळ मिळवायचं. ५ डीबीआयच्या ओम्नीतून ते २५ डीबीएम होतात, साधारण ३१६ मिलिवॉट. १४ डीबीआयच्या पॅनेलमधून ३४ डीबीएम, म्हणजे नेमक्या समोर उभं राहिलं तर अडीच वॉट सोडल्यासारखं. भारतात वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला अँटेनासकट मर्यादा ४ वॉटची, म्हणून २४ डीबीआयची जाळीदार डिश इथे नकोच.

खरा चोर केबल. राउटर आणि अँटेना जोडणारी पातळ आरजी-५८ केबल मीटरमागे जवळपास १ डीबी (त्याच मापातली एक पायरी) खाते. दहा मीटर ओढली की ओम्नीची कमाई खलास, वर खिशातून गेले. राउटरच अँटेनाजवळ न्या.

ओम्नी खांबाला उभा केला की झालं. पॅनेलला नेम धरावा लागतो, आणि वाऱ्यानं मान वळली की पुन्हा शिडी.

अंगणभर फोन चालवायचे तर ओम्नी. गोठ्यासाठी पॅनेलच, तोही दोन्ही टोकांना. कॅमेऱ्याचं चित्र परत घरी यायचंय ना!