बंद पडलेली कंपनी पुन्हा सुरू करून देतो म्हणाला आणि ३,२८,००० रुपये घेऊन गेला

टोकन म्हणून २५,०००. थकलेल्या रिटर्नच्या दंडापोटी १,८५,०००. वकिलाची फी ६०,०००. एनसीएलटी, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, त्याच्या ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी काढायला ४०,०००. आणि त्या ऑर्डरमधली 'टायपिंगची चूक' दुरुस्त करून घ्यायला १८,०००. एकूण ३,२८,००० रुपये, सगळे माझ्या बचत खात्यातून गेले. कंपनी आजही एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) मास्टर डेटात, म्हणजे ऑनलाइन नोंदीत, 'स्ट्राइक ऑफ' (नाव काढून टाकलेली) दिसते.

दादा आणि मी २०११ मध्ये नाशिकला अंबडमध्ये पावडर कोटिंगची प्रायव्हेट लिमिटेड काढली. २०१९ नंतर ऑर्डरी आटल्या, कोविडमध्ये शटर कायमचं खाली आलं आणि वार्षिक रिटर्न भरायचे राहिले. २०२२ मध्ये कंपनी रजिस्ट्रारने कंपनी कायद्याच्या कलम २४८ खाली नाव काढून टाकलं. नोटिसा जुन्या पत्त्यावर गेल्या, आमच्या हातात एकही पडली नाही. पण गाळा कंपनीच्या नावावर आहे. चालू खात्यातले पैसे गोठलेले. गाळा विकायचा तर आधी कंपनी रजिस्टरवर परत आली पाहिजे, आणि त्यासाठी कलम २५२ खाली एनसीएलटीत अपील करावं लागतं. एवढं आम्हाला माहीत होतं. आम्ही अडाणी म्हणून फसलो असं कुणी समजू नये. दादा वर्षानुवर्षं जीएसटीचे रिटर्न स्वतः भरत आलाय.

२०२४ च्या दिवाळीच्या सुमारास पैसे नेणाऱ्या त्या माणसाचा फोन आला. सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), आम्हा दोघांची नावं, नाव कधी काढलं गेलं, सगळं त्याने घडाघडा सांगितलं. एवढी माहिती म्हणजे माणूस आतला असणार, असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात काढून टाकलेल्या कंपन्यांच्या याद्या सरकारच जाहीर करतं आणि मास्टर डेटा कुणीही फुकट उघडून बघू शकतं.

"ताई, तीन वर्षांची मुदत संपत आलीय, नंतर देवही काही करू शकणार नाही," हे त्याचं पालुपद. साफ खोटं! रजिस्ट्रारच्या आदेशाने बाधित झालेल्या कुठल्याही व्यक्तीला तीन वर्षांची मुदत आहे, पण खुद्द कंपनी, तिचा सभासद, धनको किंवा कामगार यांना राजपत्रात नाव आल्यापासून २० वर्षं मिळतात. मी शेअरहोल्डर आहे. माझ्यापाशी २०४२ पर्यंत वेळ होता आणि मी एका दुपारीत पैसे पाठवले. कुणी मुदतीची भीती घातली तर त्याच दिवशी एक पैसाही देऊ नका.

दंडाचं म्हणाल तर एओसी-४ (वार्षिक हिशेब) आणि एमजीटी-७ (वार्षिक रिटर्न) या दोन्ही फॉर्मना उशिराच्या दर दिवसाला प्रत्येकी १०० रुपये लागतात आणि त्याला वरची मर्यादा नाही. एका वर्षाच्या रिटर्नला एक वर्ष उशीर झाला की ७३,००० झाले. आमची अनेक वर्षं थकलेली, म्हणजे खरा आकडा कितीतरी लाखांत जाणार होता. तो म्हणाला, 'फ्रेश स्टार्ट' स्कीममध्ये बसवतो, १,८५,००० मध्ये मिटेल. ती स्कीम खरोखर होती, म्हणून तर विश्वास बसला. पण ती ३१ डिसेंबर २०२० लाच संपली होती आणि नाव काढून टाकलेल्या कंपनीला ती लागू नव्हतीच.

आता जे सगळ्यात जास्त टोचतं ते सांगते. त्याने एनसीएलटीच्या ऑर्डरची पीडीएफ पाठवली. वर राजमुद्रा, खाली शिक्का, मधे आमच्या कंपनीचं नाव ठळक अक्षरात. त्याखाली सीआयएन. आमच्या सीआयएनमध्ये 'एमएच' आणि त्यापुढे २०११ आहे. ऑर्डरमध्ये छापलं होतं 'केए' आणि २००९. म्हणजे कर्नाटकातल्या, २००९ सालच्या कुठल्यातरी कंपनीची ऑर्डर उचलून त्यावर आमचं नाव चिकटवलेलं! हे मी पाहिलं होतं. बोट ठेवून दादाला दाखवलंही होतं. लगेच त्या माणसाला फोन लावला, तर तो अजिबात गडबडला नाही. "स्टेनोची चूक आहे ताई, कलम ४२० पोटकलम २ खाली दुरुस्तीचा अर्ज टाकतो, १८,००० पाठवा." मी कलम शोधलं. ऑर्डरमधली उघड चूक दुरुस्त करायचं ते कलम खरंच आहे. खऱ्या कलमाच्या आड खोटं लपवलं की माणूस करणार काय? ते १८,००० गेले याचा राग बाकीच्या ३,१०,००० पेक्षा जास्त आहे. कारण चोरी माझ्या डोळ्यांसमोर कागदावर छापलेली होती आणि ती दुरुस्त करायला मीच पैसे दिले.

मास्टर डेटात स्टेटस का बदलत नाही विचारलं, तर "व्ही-३ पोर्टल आलंय, अपडेट व्हायला वेळ लागतो." एमसीएच्या त्या नव्या पोर्टलने सगळ्यांनाच इतकं रडवलं होतं की तेही खरं वाटलं.

अपील दाखल करायचं तर पडताळणीचं प्रतिज्ञापत्र लागतं, त्यावर नोटरीसमोर सही लागते, वकिलाला वकालतनामा द्यावा लागतो. माझ्याकडून एकही सही घेतली गेली नव्हती. तुमची सही कुणी मागितली नसेल तर तुमचं अपील दाखलच झालेलं नाही, लिहून ठेवा. फाइलिंग नंबर मागा आणि एनसीएलटीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. सीएचं प्रमाणपत्र आलं तर त्यावरचा १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे प्रत्येक प्रमाणपत्राचा वेगळा ओळख क्रमांक, तपासा. आम्हाला आलेल्या प्रमाणपत्रावर तो नव्हताच, आणि मेंबरशिप नंबर दुसऱ्या शहरातल्या एका बिचाऱ्या सीएंचा होता. डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) पिनसकट कुणाच्याही हातात देऊ नका. आमचे दोन्ही त्याच्याकडे राहिले. ते रद्द करून घेतले, पण मधल्या काळात त्यावर कशाकशावर सह्या झाल्या ही धास्ती जात नाही.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "मॅडम, पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, ही दिवाणी बाब आहे." न्यायाधिकरणाची खोटी ऑर्डर बनवणं दिवाणी? आर्थिक गुन्हे शाखेत सांगितलं, रक्कम लहान आहे, ठाण्यातच जा. माझ्यासाठी ती लहान नाही हो! ठाण्यात परत गेले तर म्हणे ऑर्डर बनावट असल्याचं रजिस्ट्रारकडून लेखी आणा. रजिस्ट्रारच्या कार्यालयात तोंडी सांगितलं की अशी ऑर्डर आमच्याकडे आलेली नाही, पण लेखी देणार नाहीत. कारण काय, तर "कंपनी अस्तित्वातच नाही, तिच्या नावाने पत्र कसं देणार?" अहो, तक्रारदार मी आहे, जिवंत आहे, समोर उभी आहे! बँकेत गेले, ज्या खात्यात पैसे गेले ते थांबवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात रजिस्ट्रारचं पत्र आणा. प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि तेवढ्या वेळात खातं रिकामं होतं. रिटर्न चुकले की पोर्टल एक दिवसाचेही १०० रुपये सोडत नाही, आणि नागरिक लुटला गेला की त्याच व्यवस्थेला एक पत्र टाइप करवत नाही.

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्यात दिवस घालवू नका. आणि पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर गप्प बसून परत येऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी तक्रार जाते, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आमचा अर्ज आता तिथे आहे. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ आणि न्यायालयीन अभिलेखाच्या बनावटीचं ३३७, दोन्ही आमच्या वकिलांनी त्यात घातलीत. खरं अपील वेगळं चाललंय, आणि खरा दंड अजून भरायचाच आहे.

तुमच्यापैकी कुणाला अशी ऑर्डर मिळाली असेल तर आत्ता काढा आणि सीआयएनमधलं राज्य आणि साल स्वतःच्या इनकॉर्पोरेशन सर्टिफिकेटशी ताडून बघा. जुळत नसेल तर लाजेखातर ड्रॉवरमध्ये ठेवू नका, तुमच्या ठाण्यात तक्रार द्या. एकटीच्या तक्रारीत रक्कम 'लहान' ठरते. चार-पाच जणांच्या तक्रारी एकत्र झाल्या तर त्यांना तसं म्हणता येणार नाही.