गच्चीचं वॉटरप्रूफिंग: दारावर आलेल्याला, मिस्त्रीला की कंपनीच्या ठेकेदाराला?

मे महिन्यात दारावर येणाऱ्यांचं बोलणं साधारण ठरलेलं असतं: "शेजारच्या बिल्डिंगचं काम केलं, माल उरलाय, आज निम्म्या भावात करून देतो." भाव खरोखर कमी असतो. पण गळती कुठून आहे हे न बघता तो सांगितलेला असतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

आधी स्वतः बघा. छताची ओल एप्रिल-मेमध्येही सुकत नसेल तर दोष बहुधा टाकीचा किंवा पाइपचा असतो, तिथे गच्चीवर काही फासून उपयोग नाही. फक्त पावसात गळत असेल तर पॅरापेट (गच्चीची कठड्याची भिंत) आणि स्लॅबचा सांधा, पावसाळी पाइपचं तोंड आणि कोब्यातल्या (स्लॅबवरच्या ढाळाच्या थरातल्या) भेगा तपासा. सळ्या उघड्या पडल्या असतील तर तिघांपैकी कुणालाच बोलावू नका, स्ट्रक्चरल इंजिनियर आणा.

दारावरचा माणूस मुख्यतः मालात मारतो. कोटिंगचा पहिला हात पातळ करून मारायचा असतो, ते डब्यावरच लिहिलेलं असतं; हा पुढचे हातही तसेच पातळ मारतो. शेवाळ घासलेलं नसतं, भेगा चर पाडून भरलेल्या नसतात. ओल्या स्लॅबवर कोटिंग मारलं की उन्हात आतली वाफ त्याला उचलते, फुगे येतात, पोपडे निघतात. पहिल्या मोठ्या पावसात हे कळतं, आणि तोवर फोन बंद झालेला असतो.

हिशेब सोपा आहे. समजा डब्यावर दोन हातांसाठी लिटरला 20 चौरस फूट लिहिलंय, तर 600 फुटांच्या गच्चीला 30 लिटर लागणार. सीलबंद डबे तुमच्यासमोर उघडायला लावा आणि रिकामे मोजून ताब्यात ठेवा.

ओळखीचा मिस्त्री किरकोळ भेगा, सांध्यावरचा वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) आणि पाइपच्या तोंडासाठी उत्तम, स्वस्तही. कोबा उखडून ढाळ नव्याने काढायचा असेल तर मात्र पूर्वी केलेली गच्ची दाखव म्हणा, आणि पावसाळा काढलेलीच बघा. कंपनीचा अधिकृत ठेकेदार सगळ्यांत महाग. त्याची वॉरंटी बहुतेकदा नेमक्या मालाच्या पद्धतीवर असते आणि गच्चीवर नंतर काही ठोकलं तर ती जाते, तेव्हा अटी वाचा. मोठ्या गच्चीला आमचा कल त्याच्याकडेच, पण अधिकृत आहे की नाही हे कंपनीच्या क्रमांकावर विचारून घ्या. नुसत्या कार्डावर विसंबू नका.

काम कुणीही करो, शेवटचा मोठा हप्ता चाचणीनंतरच. पाइपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी 48 तास साचवा. उन्हाने पातळी थोडी उतरतेच, म्हणून खालच्या छताकडे बघा. स्लॅब जुना आणि खिळखिळा असेल तर मात्र ही चाचणी करू नका.

सहकारी सोसायटीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिशात हात घालण्यापूर्वी समितीला लेखी पत्र द्या. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते.

पैसे देताना बिलावरचं नाव आणि यूपीआयवर दिसणारं नाव एकच आहे ना, बघा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे आणि ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण बिल, पत्ता आणि पैसे दिल्याची नोंद हाती नसेल तर तक्रार करायची कुणाविरुद्ध, हाच प्रश्न उरतो.