इन्स्पिरॉन ३५२१ ची बदली स्क्रीन : चार स्टार, पण केबलकडे बघा

पॅनेल चांगलं आहे. हे आधीच सांगते, कारण पुढची कटकट वाचून कुणीही पॅनेललाच शिव्या घालेल.

माझा लॅपटॉप डेल इन्स्पिरॉन १५ ३५२१, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री. इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहिते. टॅली, जीएसटी पोर्टल आणि डिजिटल सहीचं टोकन एवढंच त्याच्यावर चालतं. कीबोर्डवर पेन राहिलं, झाकण मिटलं आणि कोपऱ्यातून शाईसारखा डाग पसरला. बाजारातल्या दुकानाने बसवून साडेपाच हजार सांगितले. ऑनलाइन नुसतं पॅनेल चौतीसशेला होतं, आणि धाकटे दीर मागावर जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करतात, स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातातच असतो. तेव्हा ऑनलाइन.

मागवताना लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नका. जुन्या पॅनेलच्या पाठीवर स्टिकर असतं, त्यावरचा नंबर टाकून शोधा. १५.६ इंचीत जोडणीची दोन घराणी आहेत. जुनं ४० पिनचं एलव्हीडीएस आणि नंतरचं ३० पिनचं ईडीपी. एकाचा प्लग दुसऱ्याला बसत नाही. ३५२१ ला ४० पिनचं लागतं, तेही ‘स्लिम’. त्याला वर-खाली स्क्रूचे कान असतात. जाड पॅनेलचे स्क्रू बाजूने बसतात आणि कनेक्टरही दुसऱ्या कोपऱ्यात येतो, मग मदरबोर्डकडून स्क्रीनला येणारी केबल पोचतच नाही. विक्रेते सगळ्यांवर ‘सर्व १५.६ ला चालेल’ लिहून मोकळे होतात. चालत नाही.

पॅकिंग चोख होतं. थर्माकोल, त्यात बबल, वर प्लास्टिकची फिल्म. ही फिल्म चाचणी होईपर्यंत काढायची नाही, काढली की माल परत घेत नाहीत. आणि काम सुरू करण्याआधी चार्जर काढून बॅटरीही खालून काढून ठेवायची. बॅटरी लावलेली असताना ही केबल ओढली किंवा खोचली तर मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो. मग नवी स्क्रीन काळी दिसते आणि माणूस तीच परत पाठवतो. तशी वेळ आलीच तर अंधारात टॉर्च तिरका धरून बघा. अंधूक चित्र दिसलं तर पॅनेल चित्र दाखवतंय, फक्त मागचा उजेड गेलाय.

माझ्याकडे काळी नव्हती. टेबलावर सुट्टं जोडलं तेव्हा चित्र झकास. फिल्म काढली, बसवलं, चौकट दाबून क्लिपा लावल्या, आणि झाकण थोडं मागे कललं की गुलाबी-हिरवे ठिपके चमचमायला लागले. पुढे आणलं की गायब. तारीख १७. जीएसटीआर ३बी, म्हणजे दरमहाचं जीएसटी रिटर्न, त्याची शेवटची तारीख २०.

मदत केंद्राला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, ‘मॅडम, पॅनेल डिफेक्टिव्ह आहे, रिटर्न टाका.’ आता फिल्म काढलेली, आणि बदली येईपर्यंत २० तारीख उलटणार. दिरांचं मत वेगळं. ‘वैनी, माल खराब न्हवं. टेबलावर चालतंय न् बसवलं की न्हाई, मग मधली वायर बघाय पायजे.’ मागावर धागा सारखा तुटला तर ते कापडाला नाही, धागा घासतो त्या जागेला हात घालतात. इथेही तेच केलं.

डेलमध्ये एक सोय आहे, फार कुणी सांगत नाही. लॅपटॉप बंद करून ‘डी’ चं बटण दाबून धरायचं आणि पॉवर द्यायची. स्क्रीनवर एकेक करून नुसते भरीव रंग येतात. यात विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, रंग पॅनेल स्वतःच काढतं. झाकण बिघडणाऱ्या कोनात ठेवून हे केलं, रंग स्वच्छ, म्हणजे पॅनेल ठीक. एचडीएमआयने टीव्ही जोडला, तिथेही चित्र स्वच्छ, म्हणजे ग्राफिक्स ठीक. पण ‘एफ टू’ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, गेलं की त्याच कोनात ठिपके हजर. बायोसमध्येही दिसतंय म्हटल्यावर ड्रायव्हर पुन्हा टाकत बसण्यात अर्थ नव्हता. उरली केबल. ती बिजागरीतून जाते, इतकी वर्षं झाकणाबरोबर वाकलेली. बसवताना जरा वेगळी वळली असेल, आतल्या बारीक तारा आधीच थकलेल्या.

तीन दिवस टीव्ही जोडूनच काम केलं आणि रिटर्न वेळेत भरले. केबल सहाशेला मिळाली. ती बदलायला कीबोर्ड आणि तळहाताखालचा भागही काढावा लागतो, पॅनेलच्या तिप्पट काम. ठिपके गेले ते गेलेच.

आता पॅनेलबद्दल. मूळची स्क्रीन चकचकीत होती, ट्यूबलाइट आणि माझा चेहरा दोन्ही दिसायचे. ही मॅट घेतली, डोळ्यांना आराम आहे. रंग जरा निळसर. टीएन जातीचं असल्यामुळे वरून पाहिलं तर फिकट, खालून पाहिलं तर काळपट. फोटोंचं काम करणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. काळ्या पडद्यावर खालच्या काठाला उजेड झिरपतो. टॅलीत तो दिसत नाही. एकही पिक्सेल मेलेला नाही, १३६६ गुणिले ७६८ म्हणजे साडेदहा लाखांत. रिझोल्युशन मुळातच तेवढं, त्यामुळे पोर्टलचे रुंद तक्ते अजून आडवे सरकवावेच लागतात.

एवढ्या जुन्या लॅपटॉपवर चार हजार घालावेत का, असं मिस्टरांनी विचारलंच. प्रश्न रास्त आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. पण नव्याला पस्तीस हजार आणि मार्च तोंडावर. माझ्या हिशेबात वर्षभर निघालं तरी पैसे वसूल. बँकेचं काम तेवढं मी आता मोबाइलवर करते.

एक स्टार कापलाय तो मदत केंद्राचा. केबल बदलून झाल्यावर त्यांना तसं कळवलं, तर पुन्हा उत्तर, ‘मॅडम, पॅनेल डिफेक्टिव्ह आहे, रिटर्न टाका.’