17,500 मध्ये पुणे ते नागपूर सामान, आणि पुढे काय झालं

लग्नाला दीड वर्ष झालेलं, वाकडला भाड्याचा वन बीएचके, आणि नवऱ्याची बदली नागपूरला. आधी आम्ही दोघंही पीजीत राहिलेले, दोन सुटकेस उचलल्या की झालं, त्यामुळे अख्खं घर हलवायचं म्हणजे काय भानगड असते ते कोणालाच माहीत नव्हतं. एका साइटवर नंबर टाकला तर पाच मिनिटांत पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांचे फोन सुरू, संध्याकाळपर्यंत चौदा झाले. कोणी 38 हजार, कोणी 35, एक जण तर घरी येऊन कपाटं, माळा सगळं बघून 34 सांगून गेला. आणि एकाने फोनवरच, काही न बघता, 17,500. घेतला कोणता, तर हाच. हसा खुशाल.

नाव एका नावाजलेल्या कंपनीसारखंच होतं, मागे फक्त एक शब्द जास्त. मला वाटलं त्यांचीच शाखा असेल. 2,000 ॲडव्हान्स मागितला तो पण कंपनीच्या खात्यावर नाही, कुठल्यातरी माणसाच्या नावाच्या यूपीआयवर, आणि नवरा म्हणाला पण होता की हे कोण, तर मीच म्हणलं अरे मॅनेजर असेल.

सामान न्यायच्या दिवशी सकाळी आठला येणारे दुपारी दोनला आले, तीन पोरं आणि एक छोटा टेम्पो. म्हणलं ह्याच्यात नागपूर? तर म्हणे नाही मॅडम, वाघोलीला मोठ्या गाडीत चढवणार, पार्ट लोड आहे, म्हणजे एकाच गाडीत अजून लोकांचं पण सामान. बबल रॅप ठरलेलं, आलं रद्दी आणि सुतळी. वॉशिंग मशीन तसंच उचललं. फ्रंट लोडला मागून ड्रमचे ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात हे मला नंतर मेकॅनिकने सांगितलं, ते बोल्ट आम्ही मशीन घेतलं तेव्हाच टाकून दिले होते. (तुमच्याकडे असतील तर जपून ठेवा.) यादी केली पण कशी, तर "कार्टन 9 – कपडे", "कार्टन 14 – किचन मिक्स". मी न वाचता सही केली कारण घरमालकाचे काका किल्ली घ्यायला दारात उभे.

रात्री साडेदहाला फोन. "मॅडम, माल का वॉल्यूम ज्यादा निकला." हिशोब व्हॉट्सॲपवर आला: वॉल्यूमचे 12,000 जास्त, त्या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 5,310, तीन लाखांच्या मालावर 3 टक्के इन्शुरन्स 9,000, आणि ई-वे बिल (माल गाडीने नेताना जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद) चार्ज 2,500. एकूण 46,310, पैसे आले की गाडी सुटेल, नाहीतर गोडाऊनचं भाडं दिवसाला 1,500. म्हणजे 38 वाल्याला महाग म्हणून सोडलं आणि इथे 46 झाले, शिवाय गादी, गॅस, कढई सगळं त्यांच्या ताब्यात.

आता जे कळलंय ते तेव्हा कळायला हवं होतं. घरातल्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागतच नाही, सूट आहे, म्हणजे ते 2,500 सरळसरळ हवेतले. इन्शुरन्सची पॉलिसी पाठवा म्हणलं तर एका साध्या पावतीचा फोटो आला, विमा कंपनीचं नाव नाही, पॉलिसी नंबर नाही. कोटेशनवरचा जीएसटी नंबर 07 ने सुरू होत होता, 07 म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा 27 ने होतो, आणि जीएसटी पोर्टलवर टाकला तर रद्द झालेला. दोन मिनिटांचं काम होतं, पण आम्ही केलं कधी, सामान गेल्यावर! बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची पावती, मागितली तर म्हणे उद्या देतो. बिल्टी नाही, गाडीचा नंबर नाही, म्हणजे माल आमचाच आहे हे दाखवायला हातात फक्त ती किचन मिक्सवाली यादी.

चौकीत गेलो तर हवालदार म्हणाले हा तुमचा व्यवहाराचा वाद आहे, आपसात मिटवा. 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर त्या माणसाला पाठवला, तेव्हा कुठे आवाज जरा खाली आला. तरी चार दिवस घासाघीस करून ॲडव्हान्स सोडून 36,000 दिलेच, कारण नवऱ्याला नागपूरला जॉइन व्हायचं होतं आणि आम्ही रिकाम्या फ्लॅटमध्ये चटईवर झोपत होतो.

नवव्या दिवशी सामान पोचलं. फ्रिजच्या दाराला पोचा, मशीन चालू केलं की ट्रॅक्टर. मी उतरवतानाचा व्हिडिओ काढला आणि पावतीवर सही करायच्या आधी तुटफूट लिहून घेतली, एवढं एक शहाणपण केलं, कारण "ओके" लिहून सही दिली की पुढे भांडणं अवघड होतं. ग्राहक आयोगात टाकायची तयारी चालू आहे. एवढ्यासाठी वकील लागतोच असं नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो.

ज्याचं सामान आत्ता असं अडकलंय त्याने एक करा, फोनवर भांडू नका, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मागा, जास्तीचे पैसे कशाचे ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. माझ्याकडे आज जो काही पुरावा आहे तो तोच.

24 पैकी 23 कार्टन आले. 14 नंबर नाही आला. त्यात सासूबाईंनी दिलेली पितळेची परात होती, त्यांच्या सासूची. त्यांना अजून सांगितलेलं नाही, दिवाळीला येणारेत.